वीस वाजताचा हंस

सावरखिंडीच्या पठारावर कुणाच्या घरात किती वाजता काय चालू होतं, हे त्या घरातल्या माणसांपेक्षा मला जास्त ठाऊक असतं. औटींची थोरली सून पहाटे पाच चाळीसला मिक्सर लावते आणि धाकटी उठेपर्यंत मुद्दाम बंद करत नाही. डेरे गुरुजींनी मधुमेहामुळे गोड सोडलं आहे, पण दुपारी साडेतीनला त्यांच्या फ्रिजचा दिवा नेमानं लागतो. सरपंचांच्या गाईच्या गळ्यातला पट्टा, ती माजावर आली की मोबाईलवर निरोप धाडतो. तो सरपंचांना मिळायच्या आधी आमच्या दुर्बिणीला मिळतो.

वेधशाळेच्या कागदांवर माझा हुद्दा 'रेडिओ व्यत्यय निरीक्षक' असा आहे. गावात मला बंदबाई म्हणतात, कारण कुठल्याही दारात उभी राहिले की माझं पहिलं वाक्य एकच असतं: "तेवढं बंद करा." खरं नाव मघा घंगाळे. नक्षत्रावरून ठेवलेलं; ठेवणारा माणूस तीस वर्षं दुर्बीण चालवत होता, दुसरं काय ठेवणार? पण बोलण्यात मघा म्हणजे थोड्या वेळापूर्वी. "मघा कुठं गेली?" "मघाच गेली." या विनोदावर माझं सगळं बालपण गेलं.

दुर्बीण म्हटल्यावर लोकांना नळी आणि भिंग आठवतं. आमच्याकडे पठारभर विखुरलेल्या तीस मोठ्या जाळीच्या ताटल्या आहेत. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी झेलतात, म्हणून भर दुपारीही त्यांचं काम चालतं. लहरी इतक्या क्षीण असतात की मिक्सर, कुंपणाची ठिणगी, फवारणीचा ड्रोन, असलं काहीही त्यांच्या वरताण ओरडतं. शिवाय ताटलीत बसवलेला ग्राहक, म्हणजे लहरी ऐकणारं यंत्र, तो स्वतःही खरखरत असतो. जुने ग्राहक एवढे खरखरायचे की गावातला बारीकसारीक आवाज त्यांच्या स्वतःच्याच खरखरीत बुडून जायचा.

गेल्या वर्षी उत्तरेकडच्या चार ताटल्यांमध्ये नवे ग्राहक बसले. उणे दोनशे पन्नास अंशांपर्यंत गार केलेले, खरखर जुन्याच्या एक-पंचमांश. उरलेल्या सव्वीस ताटल्यांत ते बसवायचे की नाही हे चाचणीवर ठरणार होतं. चाचणी सांगायला सोपी. आकाशातला एक कोरा तुकडा घ्यायचा, जिथे काहीच नाही असं सगळ्यांना वाटतं, आणि साठ दिवस रोज त्याच्याकडे कान लावायचा. यंत्र खरं असेल तर चौपट वेळ ऐकल्यावर खरखर निम्मी व्हायला हवी, सोळापट ऐकल्यावर पाव. कागदावर ती एक सरळ उतरती रेघ येते. रेघ मध्येच अडली, तर यंत्रात खोट आहे किंवा तो तुकडा कोरा नाही.

एकोणपन्नासाव्या दिवशी रेघ अडली.

*

"खोट नाहीये," चाचणी बघणारे डॉ. इरफान मोमीन म्हणाले. ते एरवी एवढं हळू बोलतात की समोरच्याला पुढे झुकावं लागतं. त्या शनिवारी संचालकांच्या खोलीबाहेर शिपायालाही ऐकू आलं असेल. "तिथे काहीतरी आहे. काही तारे देतात तसे ठोके, सेकंदाला एकशे तीस. रोज साधारण चाळीस मिनिटं ऐकू येतात, मग थांबतात. आणि मघाताई, रोज चार मिनिटं आधी येतात."

चार मिनिटांचं महत्त्व सांगायला हवं. आपला दिवस चोवीस तासांचा, सूर्यावर मोजलेला. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही सरकते, त्यामुळे एखादा तारा पुन्हा डोक्यावर यायला तेवीस तास छप्पन्न मिनिटंच लागतात. आज बाराला डोक्यावर असलेला तारा उद्या बाराला चार कमी असताना येतो. वेधशाळेत म्हणून दोन घड्याळं असतात, एक गावाचं आणि एक ताऱ्यांचं. ताऱ्यांच्या घड्याळातल्या वेळेला आम्ही नक्षत्रवेळ म्हणतो.

आमच्याकडे चाळणी नावाचा एक प्रोग्राम आहे. दुर्बिणीत येणाऱ्या आवाजांतून माणसांचे आवाज तो वेगळे काढतो. त्याला शिकवायला माझ्या सतरा वर्षांच्या बावीस वह्या घातल्या होत्या, आणि त्यांच्यातून मी काढलेला एक नियम: माणूस घड्याळानं वागतो. मिक्सर पाच चाळीसला तो पाच चाळीसलाच, फार तर दहा मिनिटं इकडेतिकडे. जो आवाज रोज चार मिनिटं आधी येईल, तो माणसाचा नसून आकाशाचा. या नियमाचं वेधशाळेत कौतुक झालं होतं. मला शाल मिळाली होती.

"तुमचाच नियम," संचालक अष्टपुत्रे मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. "साठ दिवस पूर्ण झाले की तेरा तारखेला जाहीर करायचं. यंत्र अव्वल, आणि पहिल्याच फेरीत नवा स्रोत. मग उरलेल्या ताटल्यांना कोण नाही म्हणतंय. फक्त हा आवाज पठारावरचा नाही, एवढी तुमची सही हवी."

"जुन्या सव्वीस ताटल्यांना येतो का ऐकू?"

"त्या बहिऱ्या आहेत. म्हणून तर नवीन बसवतोय."

"ताटल्या दुसरीकडे वळवून बघितलं का? त्याच वेळेला?"

इरफाननी मान हलवली. "साठ दिवस जागा सोडायची नाही असं चाचणीच्या नियमात आहे. सोडली तर पहिल्यापासून मोजायचं. पण ताई, चार मिनिटं. पठारावर कोण एवढा शिस्तीचा आहे?"

मॅडम हसल्या, मीही हसले. सही मात्र सोमवारी करते म्हणाले. का ते त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. एवढी शिस्त मी कुठेतरी जवळून पाहिली होती आणि कुठे, ते आठवत नव्हतं. पायात खडा असावा तशी मी दिवसभर चालले.

*

रविवारी मी तात्यांकडे जेवायला जाते. तात्या म्हणजे माझे वडील, सुदाम घंगाळे, वय एकाहत्तर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ते उत्तरेकडच्या जुन्या वसाहतीत शेवटच्या क्वार्टरमध्ये राहतात. बाकीची क्वार्टरं रिकामी आहेत. दर नव्या संचालकानं 'राहू द्या त्यांना' असा शेरा मारला आहे. आई गेल्यावर मी त्यांना घाटाखाली तालुक्याच्या गावी माझ्याकडे चला म्हणाले होते. माझं घर रिकामंच होतं. माझं लग्न दोन वर्षं टिकलं, त्याची नोंद मी कुठल्या वहीत ठेवलेली नाही. तात्या म्हणाले, "तुझ्या गच्चीवरून ताटल्या दिसत नाहीत." विषय संपला.

एरवी ते फोन करतात, अमुक वाजता ये, आणि मी तेव्हा जाते. त्या रविवारी राहवेना म्हणून साडेअकराच्या आधीच मासवडीचा डबा घेऊन पोचले. दार उघडंच होतं. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. समोर भिंतीवर वेधशाळेनं भंगारात काढलेलं ताऱ्यांचं घड्याळ होतं. ते एकोणीस चाळीस दाखवत होतं, आणि माझ्या मनगटावर अकरा पंचवीस झाले होते.

"तात्या, मी..."

त्यांनी डावा हात वर केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पाळी चालूये."

हंसाची पाळी. हंस नक्षत्रात एक प्रचंड ताकदीचा, कधी न बदलणारा रेडिओ स्रोत आहे. त्याचं तेज पक्कं माहीत असल्यानं त्याच्यावरून दुर्बिणीचं माप घेतात. दुकानदार काट्यावर किलोचं वजन ठेवून बघतो तसं. तो डोक्यावर येतो नक्षत्रवेळ वीस वाजता. त्याच्या आधी वीस आणि नंतर वीस, अशी चाळीस मिनिटं तात्या रोज माप घ्यायचे. सुट्टी नाही, सण नाही. डिसेंबरच्या मध्याला हंस दुपारी तीनच्या सुमारास डोक्यावर येतो, आणि दर वर्षी डिसेंबरच्या मध्याला दुपारी तीनला आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन असायचं. दहा वर्षांत दहा संमेलनं हुकली. तात्यांच्या नोंदवहीत तारीख, नक्षत्रवेळ, हवा, यंत्र आणि हजर असे पाच रकाने होते. हजरच्या रकान्यात खालपर्यंत 'घंगाळे, घंगाळे, घंगाळे'. आई म्हणायची, "आपल्या घरात असा रकाना असता तर कोरी वही विकता आली असती."

आता माप मशीन आपलं आपण घेतं. तात्यांना कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही. पण ते टेबलाशी बसले होते, खिडकीतून ताटल्यांकडे बघत होते आणि दर पाच मिनिटांनी वहीत एक ओळ लिहीत होते. अक्षर छापल्यासारखं. गेल्या वर्षी त्यांच्या हाताला एवढा कंप आला होता की चहाचा कप मी धरायची. मग त्यांच्या उजव्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं. करड्या रंगाचा, दोन बोटं रुंद पट्टा.

बारा पाचला त्यांनी पट्ट्याचं बटण दाबलं, वही मिटली, आणि हात पुन्हा थरथरायला लागला.

"लवकर आलीस."

"तुम्ही बारालाच जेवता? गेल्या रविवारी साडेबारा झाले होते."

"भूक लागते तसं."

मी डबा उघडता उघडता मागचे रविवार आठवायला लागले. हिशेब ठेवायची खोड आहे, ती जात नाही. त्याच्या आधीच्या रविवारी एक. त्याच्या आधी जवळजवळ दीड. डिसेंबरात एकदा पावणेतीन झाले होते आणि मी भुकेनं कावून दोन केळी खाल्ली होती. दर रविवारी अर्धा तास आधी, दोन मिनिटं कमी. अठ्ठावीस मिनिटं. सात दिवस, रोजची चार.

हातातला चमचा रश्श्यात बुडाला.

"हा पट्टा कुठला?" मी विचारलं.

"जिल्ह्याच्या शिबिरात दिला. शिरेला बारीक ठोके देतो, हात गप्प बसतो. डॉक्टर म्हणाला दिवसभर घाला. म्हटलं, दिवसभर हात कशाला हवाय मला? पाळीपुरता घालतो."

"मला सांगितलं नाही."

"तू बंद कर म्हणली असतीस." मग जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "आणि मी काय अडाणी आहे का? आणला त्या दिवशी जुनं मीटर लावून बघितलं. काटा हलला नाही. तूही तपास जा."

काटा हलला नाही, हे खरंच असणार. ते मीटर चाळीस वर्षांपूर्वीचं होतं, तेव्हाच्या दुर्बिणीला जे ऐकू येईल तेवढंच त्याला ऐकू यायचं. या क्वार्टरपासून पहिली नवी ताटली आठशे मीटरवर आहे. आणि बावीस वह्यांमध्ये पठारावरचं एकूण एक घर आहे, फक्त हे क्वार्टर नाही. ज्या माणसानं मला मीटर धरायला शिकवलं, त्याच्या दारात मीटर घेऊन जायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. माणूस घड्याळानं वागतो, असं मी लिहून दिलं होतं. आणि वाढले मी अशा घरात, जिथला एकमेव पुरुष वर्षभरात जेवणाची वेळ घड्याळभर फिरवून आणायचा.

"मीठ कमी झालंय का?" तात्यांनी विचारलं. "अशी का बघतेस?"

"नाही. ठीक आहे."

*

सोमवारी मी सही केली नाही. पोट बिघडलं म्हणून कळवलं. अकराच्या सुमारास नवं मीटर घेऊन क्वार्टरच्या मागच्या भिंतीला जाऊन उभी राहिले. नक्षत्रवेळ एकोणीस चाळीसला पडद्यावर ठोके उमटले, सेकंदाला एकशे तीस. वीस वाजून वीस मिनिटांनी बंद झाले. भिंतीपलीकडे तात्या खोकले आणि कुकर लावला.

मंगळवारी मी दोन गावं फिरले, आणि दोन्हीकडे मला काहीच दिसलं नाही. पोल्ट्रीवाल्या गावडेनं विचारलं, "बंदबाई, आज काही बंद नाही करायचं का?" तेव्हा कळलं की मी पाच मिनिटं त्याच्या दारात नुसती उभी होते.

सांगावं तर तात्यांचं काय? नियम मीच लिहिलेला: आवाज करणारं वैद्यकीय उपकरण असेल तर माणसानं हद्दीबाहेर राहायचं, किंवा उपकरणानं. औटींच्या आजोबांना कानाच्या यंत्रापायी मीच लेकीकडे पाठवलं होतं, त्यांच्या सुना अजून माझ्याशी बोलत नाहीत. न सांगावं तर पुढच्या गुरुवारी, तेराला, मॅडम जगापुढे माझ्या वडिलांचं मनगट तारा म्हणून मांडणार.

तिसरी वाट मला बुधवारी पहाटे सुचली आणि तासभर फार आवडली. तात्यांना गुपचूप सांगायचं, आजपासून पट्टा घालू नका. आवाज थांबेल, रेघ खाली जाईल, सगळं मिटेल. दात घासताना लक्षात आलं की काही मिटणार नाही. पन्नास दिवस ठोके देऊन अचानक गप्प झालेला तारा! त्याच्यावर इरफान तीन वर्षं काम करतील, परदेशातल्या चार दुर्बिणी त्या कोऱ्या तुकड्याकडे वळतील. माझ्या चाळणीतून गेलेलं एक खोटं मी गप्प राहून अमर करणार होते.

आंघोळ न करताच गाडी काढली.

*

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती ऐकू येतंय?"

"म्हणजे?"

"अगं, खरखरीच्या किती पट? आकडा सांग."

मी सांगितला. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. ओठ हलताना दिसले. मग खुर्चीला टेकले आणि हसायला लागले, दाढेतला सोन्याचा दात दिसेपर्यंत.

"आठशे मीटरवरून, तोंड दुसरीकडे असताना? या पट्ट्यातून गळतं ते किती, मुंगीच्या पायाएवढं नाही. काय कान आहेत गं तिचे! मी तीस वर्षं जी चालवली ती हिच्यापुढं ठार बहिरी."

"तात्या, ती तुम्हाला तारा समजतीये."

"मग समजू दे की दोन दिवस. तुझ्या आईनं तेवढंही समजलं नाही कधी." हसणं ओसरलं तसे ते घड्याळाकडे बघत राहिले. "खात्री केलीस?"

"मीटर लावलं. ठोके तेच, वेळ तीच."

"त्याला खात्री म्हणत नाहीत. दोन गोष्टी एका वेळेला घडल्या, एवढंच झालं. एक बंद कर आणि दुसरी बंद होते का बघ. उद्या पाळीच्या मध्यावर, बरोबर वीस वाजता, मी पट्टा बंद करतो. पाच मिनिटं. मग चालू. कुणाला काही सांगू नकोस, त्या मोमीनलासुद्धा नाही. माहीत असलं की माणसाला हवं ते दिसतं."

"आणि खात्री झाली तर?"

"तर लिहायचं." त्यांनी वहीवर हात ठेवला. हात थरथरत होता आणि त्याच्याखाली वहीही. "यंत्रात खोट निघाली तर आम्ही लिहायचो. माणसात निघाली तर लपवायची का?"

"तुम्हाला इथून जावं लागेल."

"ते मी विचारलं का तुला?"

*

गुरुवारी मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसले होते. जन्मात पहिल्यांदा मी हंसाची पाळी आतून बघत होते, आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. एक म्हातारा, एक खिडकी, दूरवर आकाशाकडे तोंड केलेल्या चार ताटल्या. गावच्या घड्याळात साडेअकरा, ताऱ्यांच्या घड्याळात वीस. तात्यांनी बटण दाबलं.

"आता दर मिनिटाला लिहितो," ते म्हणाले.

पेन कागदावर टेकलं आणि नाचायला लागलं. वीस शून्य एक. आकडे एकमेकांवर चढले. मी हात पुढे केला, त्यांनी कोपरानं बाजूला सारला. वीस शून्य तीन लिहिताना कागद थोडा फाटला. वीस शून्य पाचला पुन्हा बटण. हात शांत झाला, आणि पुढच्या ओळी पुन्हा छापल्यासारख्या.

पान फाडून त्यांनी माझ्या हातात दिलं. नोंदवहीचं पान फाडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमच्या खोलीत इरफान आधीच होते, चेहरा उतरलेला. "आज मध्येच गेला," ते म्हणत होते, "साडेअकराला. पाच मिनिटं काहीच नाही, मग परत आला. मॅडम, मला वाटतं त्याच्याभोवती दुसरं काहीतरी फिरतंय, ते आड आलं असणार."

मी त्यांच्या आलेखाखाली तात्यांचं पान ठेवलं. वर ठोक्यांची भरगच्च पट्टी होती, खाली नीट अक्षर. वर पट्टी तुटली होती तिथे खाली अक्षर विस्कटलं होतं. पट्टी पुन्हा सुरू झाली तिथे अक्षर पुन्हा सरळ.

मॅडमनी पान उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"हे अक्षर मी ओळखते," त्या म्हणाल्या. "मी विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा याच अक्षरातल्या नोंदी वाचून शिकले." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. त्यांचा तारा गेला होता, आणि तो कसा गेला हे त्यांच्यापुढे दोन कागदांवर होतं. "आणि तुमची चाळणी, मघाताई?"

"नियम चुकला. मी लिहिला, मीच चुकले. माझ्या वडिलांना धरायचं राहिलं."

इरफान हळू आवाजात म्हणाले, "ताई, आपण सगळेच इथे दोन घड्याळं लावून बसतो. मला सुचायला हवं होतं." मग शास्त्रज्ञाला शोभेल असं त्यांचं कुतूहल जागं झालं. "पण आठशे मीटरवरून मनगटातला पट्टा... मॅडम, ग्राहक कागदावर लिहिलंय त्याच्याहून चांगला आहे."

"तेच म्हणाले ते," मी सांगितलं. "आकडा विचारला आणि हसले."

मॅडमनी तेराची घोषणा रद्द केली. चाचणी संपवायला मात्र निर्मळ दिवस हवे होते. दहा दिवस आवाज नसताना रेघ पुन्हा खाली उतरली, तर यंत्र पास. "त्यांना सांगा, दहा दिवस पट्टा..." त्या अडखळल्या. "नको. पान बघितलंय मी. काय ते तुम्ही दोघं ठरवा."

ठरवायला काही उरलं नव्हतं. संध्याकाळी मी गेले तेव्हा दारात पत्र्याची पेटी होती, आणि भिंतीवर घड्याळाच्या जागी एक पांढरा गोल.

"दहा दिवस ना?" तात्या म्हणाले. "चल. तुझ्याकडे खिळा आहे का चांगला?"

*

खिळा ठोकला. माझ्या स्वयंपाकघरात ताऱ्यांचं घड्याळ लागलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझं घर सरकायला लागलं. तात्यांचा पहिला चहा, आंघोळ, पाळी, जेवण, सगळं रोज चार मिनिटं आधी. दहा दिवस मी रजा टाकली होती. खिडकीतून ताटल्या दिसत नव्हत्या, समोरच्या बिल्डिंगची वाळत घातलेली चादर दिसायची. तात्या तिच्याकडे बघून पाळी करायचे. मी गॅस बारीक करून स्टुलावर बसायची. आम्ही बोलायचो नाही, पण मी उठून गेले की ते पेन खाली ठेवून वाट बघायचे, हे मी तिसऱ्या दिवशी हेरलं.

इरफान रोज एक आकडा पाठवायचे. रेघ उतरत होती.

दहाव्या दिवशी, सोळा तारखेला, अकरा वाजून दहा मिनिटांनी पाळी संपली आणि लगेच मॅडमचा फोन आला. रेघ तळापर्यंत सरळ. नवे ग्राहक पास, खरखर ठरल्यापेक्षाही कमी. बाकीच्या सव्वीस ताटल्यांचं काम पावसाळ्यानंतर सुरू होईल.

"अहवालात तात्यांचं नाव घालतोय," त्या म्हणाल्या. "सगळ्यात क्षीण ओळखता आलेला आवाज म्हणून."

"त्यांना आवडेल. आता परत सोडायला येते मी त्यांना. पट्टा इकडेच ठेवून..."

"परत?" मॅडम गोंधळल्या. "क्वार्टरची चावी तर त्यांनी निघताना वॉचमनकडे दिली. सोबत चिठ्ठी होती, क्वार्टर सोडत आहे अशी. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

मी फोन ठेवला. तात्या बाथरूममध्ये हात धूत होते, पट्टा टेबलावर काढून ठेवलेला. वही उघडीच होती. तारीख, नक्षत्रवेळ, हवा. यंत्राच्या रकान्यात 'दिसत नाही'. शेवटच्या रकान्यात, तीस वर्षं ज्यात 'घंगाळे'शिवाय काही लिहिलं गेलं नव्हतं, त्यात दहाही दिवस छापल्यासारख्या अक्षरात एकच नोंद होती.

हजर: मघा.

"कुणाचा फोन?" तात्या टॉवेलला हात पुसत आले. टॉवेल थरथरत होता.

"मॅडमचा. यंत्र पास झालं."

"होणारच. आणखी काय म्हणाल्या?"

"काही नाही. बसा, वाढते."

जेवण झाल्यावर मी माझी तेविसावी वही काढली. चाळणीसाठी नवी नोंद करायची राहिली होती. नाव: घंगाळे, सुदाम. उपकरण: कंपाचा पट्टा. ठिकाण: हद्दीबाहेर. वेळेच्या रकान्यात मी गावची वेळ लिहायला गेले, थांबले, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या घड्याळाकडे बघून लिहिलं: वीस वाजता.

मग उठून उद्याचे तांदूळ काढून ठेवले. कुकर दहा एकावन्नला लावायचा होता. आज दहा पंचावन्नला लावला होता.